पुढे चालणारी

“नवा थांबा मान्य असेल त्यांनी हात वर करा,” दीपमाला म्हणाली, आणि देवळाच्या सभामंडपातले सगळे हात एकदम वर गेले.

शहर बससेवेची ही जनसंपर्क अधिकारी खुशीत आली. गावोगाव जाऊन प्रवाशांचं ऐकायचं, हे काम तिने हौसेने मागून घेतलं होतं. खळवाडीचा थांबा तात्पुरता वेशीतून उचलून महामार्गाच्या पलीकडे नेल्याने बसचा वळसा वाचत होता. आता गावाची संमती साहेबांना कळवली, की तो कायमचा होणार होता. सभेला सगळे पुरुषच आले होते आणि बाहेर त्यांच्या मोटारसायकली लागल्या होत्या, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. पण तोंडाशी आलेला घास कोण सोडतो? बसने जाणाऱ्या बाया त्या वेळी चाकणच्या कंपन्यांत राबत होत्या. मांडव भरलेला, नवरीचाच काय तो पत्ता नव्हता.

थांब्याचा फोटो तेवढा राहिला होता. सभेतल्या जयसिंगने तिला मोटारसायकलवरून पलीकडे सोडलं आणि तो चाकणकडे निघून गेला; तिची गाडी देवळापाशीच होती.

दिवेलागणीला बस आली. बाया उतरल्या, पण रस्ता ओलांडायला कुणी पाऊल उचललं नाही. कंटेनरमागून कंटेनर सुसाट जात होते. बायांनी गुपचूप रांग धरली आणि प्रत्येकीने पुढचीचा पदर नाहीतर ओढणी मुठीत घेतली. पुढे पन्नाशीच्या इंदुताई होत्या.

“रोज अशीच रांग लावता?” दीपमालाने विचारलं.

“मग काय तर. लेकुरवाळीनं फुडं ऱ्हायचं न्हाई, असं ठरवलंय आमी. ह्या फरहीनचं तान्हं हाय, ती मधी. फुडं मी, न्हाईतर सावित्रीबाई. आमची पोरं मार्गी लागली.”

“सावित्रीबाई कुठे आहेत?”

इंदुताईंनी रस्त्याकडे बोट केलं. उत्तर फरहीनने दिलं.

“दवाखान्यात. सोमवारी पुढे चालायची पाळी त्यांची होती. अजून डोळे उघडले नाहीत त्यांनी.”

दीपमाला म्हणाली, “सभेत कुणीच बोललं नाही हे.”

“तिथं आमचं कोण हुतं?” इंदुताई म्हणाल्या.

“मी उद्याच साहेबांना सांगते. थांबा परत वेशीत आणायला लावते.” हे ती अगदी मनापासून बोलली.

“सांगा की. उद्याचं उद्या.” इंदुताईंनी तिला एकवार न्याहाळलं. “घरी लेकरं हायेत तुमाला?”

“नाही. अजून नाही.”

इंदुताईंनी मान डोलावली आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या. बसमध्ये शेजारी जागा करून द्यावी तितक्या सहज म्हणाल्या, “मग या फुडं.”

मागून कुणीतरी तिची ओढणी घट्ट धरली. दीपमालाने उजवीकडे पाहिलं. दिवेच दिवे येत होते.