यादीतलं शेवटचं नाव

८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी खासदार रोसालिंदा झाबार्ते तीनचाकीतून एकट्याच निवडणूक कार्यालयात आल्या आणि त्यांनी स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध उमेदवारी अर्ज भरला. मुदत पाचपर्यंत होती. सकाळी नवरा क्रिसान्तो याच टेबलावर अर्ज भरत असताना त्या मागे उभ्या राहून फोटोसाठी हसल्या होत्या.

आमच्या मतदारसंघाने १९८७पासून दुसरं आडनाव मनिलाला पाठवलेलं नाही. आधी क्रिसान्तोंचे वडील, मग ते स्वतः. सलग तीनदा निवडून आलं की कायद्याने एकदा थांबावं लागतं. तेवढी तीन वर्षं घरातली बाई खुर्ची राखते. सासूबाईंनी दोनदा राखली आणि मुकाट्याने परत केली. रोसालिंदांनी मात्र खुर्चीवर असताना बायबायोनच्या किनाऱ्यावरचा भराव अडवला. तिथे अजून चारशे होड्या लागतात. आपण निवडून आलो तर भराव होणार, हे क्रिसान्तो लपवत नाहीत.

मतपत्रिकेवर आडनावं इंग्रजी अक्षरक्रमाने येतात. झेडवाले झाबार्ते कायम तळाशी. त्यामुळे त्यांच्या प्रचारात एवढंच सांगायचं: शेवटच्या नावावर खूण करा. आता क्रिसान्तोंच्या खाली रोसालिंदा आल्या.

अर्जावर शिक्का पडत असतानाच नवऱ्याचा फोन आला. त्यांचा आवाज टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता.

“लिंदा, गंमत पुरे. निदान माहेरचं आडनाव तरी लाव.”

“सत्तावीस वर्षं तुझं लावतेय. आत्ता कुठे उपयोगी पडलं.”

“आई जेवायची थांबलीय.”

“त्यांना म्हणावं, जेवून घ्या.”

त्या संध्याकाळी रोसालिंदांचे दोन्ही अंगरक्षक काढून घेण्यात आले. त्या बहिणीकडे राहायला गेल्या.

शुक्रवारी क्रिसान्तोंच्या वकिलांनी आयोगाकडे तक्रार केली: ही बाई केवळ मतदारांची फसगत करायला उभी आहे, तिचा अर्ज रद्द करा. आयोगाने हे मान्य केलं, तर रोसालिंदांना पडलेली मतंही क्रिसान्तोंचीच मोजली जातील.

बायबायोनमध्ये मासे निवडणाऱ्या नानाय इदाद यांना हे कळलं, तेव्हा त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, “म्हणजे बाईला मत दिलं तरी भराव. मग आम्हाला रांगेत कशाला उभं करता, बाबा?”

मतपत्रिकांची छपाई सोमवारी सुरू झाली. त्यांवर दोन्ही झाबार्ते आहेत. आयोगाने निकाल राखून ठेवला आहे. तारीख दिलेली नाही.