कापशी आणि नानीबाईची बाटली

अहो, बाटली लपवू नका! तुम्ही पाणी प्यायला ती वर केलीत आणि मी कळप सोडून धावत आले, म्हणून दचकलात ना? मी मारकी नाही. मी कापशी. मेंढी आहे, निदान लोक तरी तसं म्हणतात.

माझा जन्म मेडशीजवळच्या तांड्यावर, नानीबाईच्या दोन एकर वावरात झाला. तूर निघाली होती आणि खतासाठी तिथे धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या. मला जन्म देऊन आई गेली. सकाळी कळपाला पुढच्या गावी निघायचं होतं आणि मला धड उभंही राहता येत नव्हतं. धनगराने मला उचलून नानीबाईच्या ओटीत ठेवलं.

"जगन का हे?" तिने विचारलं.

"बाटलीनं पाजशीन तं जगन."

म्हातारी नानीबाई घरी एकटीच होती. मुलगा उदयसिंग, सून आणि नात निता ऊसतोडीला गेलेले. तिने कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीला निपल बसवलं आणि बकरीचं कोमट दूध मला पाजलं. तिच्या हातात कोपराच्या वरपर्यंत बांगड्या. बाटली हलवली की त्या वाजायच्या, आणि तो आवाज आला की माझी शेपटी आपोआप हलू लागायची. मी गवत खाऊ लागले, तरी मला बोलवायचं झालं की ती रिकामी बाटलीच हलवायची.

मी तिच्यामागे चुलीपाशी, नळावर, निंदायला वावरात, सगळीकडे. फोनवर ती मुलाशी दोन मिनिटं बोलायची, माझ्याशी दिवसभर. कापशी हे नाव निताने फोनमध्ये मला बघून ठेवलं. उन्हाळ्यात ते सगळे आले, घर भरलं. दिवाळी झाली आणि परत गेले. पुन्हा आम्ही दोघी.

माणसांचं एक मला कळत नाही. दुखतं स्वतःला आणि औषध देतात दुसऱ्याला.

यंदा तूर निघाली आणि तोच धनगर परत आला. पिल्लं हाका मारत होती, आया धावत होत्या. नानीबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिने मला कळपात ढकललं.

"लळा लागला असन तं ठेव ना, आजी," धनगर म्हणाला.

"नाई, घेऊन जाय. माह्यासारखी एकली काहून ठेवू तिले?" आणि मला म्हणाली, "जाय माय, आपल्या गोतात जाय."

मी तीनदा पळून परत गेले. तिसऱ्यांदा दार बंद होतं. आतून बांगड्या वाजत होत्या, म्हणजे ती दाराला टेकूनच उभी होती. मी खूप ओरडले. तिने दार उघडलं नाही.

आता दोनशे मेंढ्यांत राहते. चारा मिळतो, थंडीत अंगाला अंग लागतं. पण यांच्या हाका मला समजत नाहीत, आणि माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही. कुठे बाटली दिसली की धावते. जवळ गेल्यावर कळतं, बांगड्या वाजल्याच नाहीत. फार एकटं वाटतं हो.

तुम्ही मेडशीकडेच निघालात ना? तांड्यावर नानीबाईचं घर कुणीही दाखवेल. तिला सांगा, तुझ्याजवळ कापशी कधीच एकटी नव्हती. पुढच्या वर्षी तूर निघाली की कळप तिच्याच वावरात बसेल. तोवर बाटली फेकू नकोस म्हणावं. रिकामी असली तरी चालेल, पण दार उघडं ठेव म्हणावं.