डब्यातली चावी

“विसरलो,” मार्तंड म्हणाला.

विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाईंनी मान वर केली. “काय विसरलात ते नीट सांगा.”

“व्हॉल्व्ह उघडायला विसरलो, मॅडम. हवन झालं की उघडायचा असतो. तसाच घरी गेलो.”

मी शेजारच्या खुर्चीत ओढणी मुठीत आवळून बसले होते. समोर गाळ्याचा मालक निमेश घरात मयत झाल्यासारखं तोंड करून मान हलवत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा नवरा गॅस बंद केला तरी पुन्हा हात लावून बघतो. जिना उतरल्यावर परत वर येऊन कुलूप ओढून बघतो. आणि तो म्हणे विसरला.

मार्तंडचा धंदा आगीच्या पाइपांचा. अंधेरीच्या एमआयडीसीत गाळ्यांच्या छताला लाल पाइप दिसतात, ते बसवायचे आणि वर्षभर सांभाळायचे. खाली आग लागली की पाइपाला लावलेली काचेची कुपी उष्णतेने फुटते आणि पाणी पडतं. पण कुपीला आग काय आणि हवन काय, सगळं सारखंच. म्हणून निमेशच्या पॅकिंगच्या गाळ्यात दर नवरात्रात अष्टमीला मार्तंड सकाळी जाऊन पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि हवनकुंड थंड झालं की उघडायचा.

व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी आणि कुलूप. एरवी त्याची चावी पंपाच्या खोलीत खिळ्याला. पण व्हॉल्व्ह बंद असेल तोवर ती मार्तंडच्या जेवणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या रिकाम्या कप्प्यात. ही त्याची स्वतःची पद्धत. उघडायचं राहिलंच, तर घरी डबा घासताना चावी माझ्या हाताला लागणार आणि मी त्याला आल्या पावली परत पिटाळणार. ती वेळ माझ्यावर कधी आली नाही.

यंदा हवन आटोपलं, मार्तंड व्हॉल्व्ह उघडायला निघाला, तर निमेशने त्याला अडवलं. उद्या नवमीलाही हवन आहे, कशाला सारखं उघड-बंद करतोस म्हणाला. मार्तंड ऐकेना. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी निमेशने डबा उघडून चावी स्वतःच्या खिशात टाकली. “गाळा माझा आहे. कुंड थंड झालं की मी उघडतो. तू जा.” आणि व्हॉल्व्ह तसाच बंद ठेवून हा निमेशबाबा गेला गरब्याला. कुंडातला निखारा उडून खोक्यांनी पेट घेतला. मागे गाळ्यात कामाला येणारी सरूबाई प्रसादाची भांडी घासत होती. ती बादली घेऊन धावली. कोपरापर्यंत दोन्ही हात भाजले बिचारीचे. वरून पाण्याचा थेंब पडला नाही.

दसरा झाल्यावर निमेश आमच्या मरोळच्या घरी आला, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

“दर्शनाभाभी, समजून घ्या. तुमच्या पॉलिसीत भूलचूक भरून मिळते. माहीत असून बंद ठेवला असं मार्तंड बोलला, तर कोणाला काही नाही. ना मला, ना त्या बाईला.”

“मग चावी तुम्ही नेलीत ते सांगा ना.”

“ते सांगितलं तर माझीपण पॉलिसी गेली. मीच रस्त्यावर आलो तर सरूबाईला काय देणार?”

“आत्ता काय देताय?”

तो नुसता हसला आणि बॉक्स माझ्यापुढे सरकवला. पेढ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशवीत चावी ठेवली होती. मेल्याला लाज म्हणून नाही. सरूबाईचं नाव त्याने हजेरीवर कधी लावलंच नव्हतं, म्हणजे त्याच्या हिशेबी ती गाळ्यात कामालाच नव्हती. बाहेरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई द्यायची, ती आमच्या पॉलिसीने. आणि ती पॉलिसी मीच मार्तंडच्या मागे लागून काढायला लावली होती. तेव्हा तो चिडला होता. माझ्या हातून चूक होणार नाही म्हणाला होता.

निमेश गेल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं.

“खरं सांगून टाक,” मी म्हटलं. “विसरलो म्हणालास तर लायसन्स जाईल तुझं. कोणी दारात उभं करणार नाही.”

“तिच्या हाताला मांडीची चामडी लावायचीय. खर्चाची सोय होईपर्यंत डॉक्टर थांबलेत.”

“तो देईल ना. त्याने केलंय.”

“कोर्टात खेचून? मग ती आपल्या हाताने जेवणार कधी, दर्शना?”

पेढे मी कचऱ्यात फेकले. चावी त्याने उचलून ठेवली.

आता तीच चावी सर्व्हेअर बाईंच्या टेबलावर होती.

“ही त्या दिवशी कुठे होती?”

“डब्यात,” मार्तंड म्हणाला आणि त्याने आपली पद्धत सांगितली. बाई हुशार होत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

“डबा घरी कोण घासतं?”

“मी.”

“मग चावी तुम्हाला दिसली असेल.”

निमेशची मान हलायची थांबली. माझ्या एका वाक्यात त्याची वाट लागली असती, आणि ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मला त्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. मार्तंड माझ्याकडे बघतच नव्हता. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, आणि माझी नजर त्या हातांवर गेली.

“त्या दिवशी डबा घासलाच नाही मी,” मी म्हटलं. “कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी घासला तेव्हा दिसली.”

बाईंनी ते लिहून घेतलं. “कमाल आहे तुम्हा दोघांची. इतकं निष्काळजी कसं राहता येतं?”

“जाऊ द्या मॅडम,” निमेश म्हणाला. “माणूस आहे, होतं कधी कधी.”

खुर्ची उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. मी फक्त ओढणी सोडली आणि पुन्हा आवळली.

पैसे मंजूर झाले. सरूबाईंचं ऑपरेशन झालं. मार्तंडचं लायसन्स गेलं. एमआयडीसीत चहाच्या टपरीवर तो गेला, की माणसं बोलायची थांबायला लागली.

एका सकाळी तो मला म्हणाला, “डबा भर. मऊ भात आणि वरण दे, तिखट नको. सरूबाईंना नेतो.”

“तुला त्यांनी बोलावलंय?”

“नाही.”

मीपण बरोबर गेले. वॉर्डच्या दारातच त्यांची मुलगी अक्षता उभी होती. आत खाटेवर सरूबाईंचे बँडेज बांधलेले दोन्ही हात उशांवर ठेवलेले दिसत होते.

“तुम्हीच ना ते विसरलेले?” अक्षताने विचारलं.

मार्तंडने होकारार्थी मान हलवली.

“आईला पाणी प्यायचं तरी मला हाक मारावी लागते. आणि तुम्ही डबे घेऊन येताय? निघा इथून. परत तोंड दाखवू नका.”

मी तोंड उघडलं. मार्तंडने माझं मनगट घट्ट दाबलं. अजून एक ऑपरेशन बाकी होतं, त्याचे पैसे यायचे होते.

“बरोबर आहे तुझं,” तो अक्षताला म्हणाला आणि मागे वळला.

रिक्षात तो डबा मांडीवर धरून बसला होता. मी काही बोलले असते तर रडले असते, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

घरी आल्यावर त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि तो कपडे बदलायला गेला. मी कप्पे सुटे केले. वरण, भात, सगळं जसंच्या तसं होतं. सगळ्यात खालचा कप्पा मी भरलाच नव्हता. तरी नळ सोडण्याआधी, चावी राहिली का म्हणून, मी त्यात हात घालून बघितला.