कालपुरुषाच्या दंडावरची फीत

मोंताल्बेरोच्या चौकात माणसाच्या उंचीची एक फळी टांगलेली होती आणि तिच्यावर रंगवलेला नागडा कालपुरुष होता. डोक्यावर मेष, दंडांवर मिथुन, छातीवर कर्क, अशा बारा राशी अंगभर. रोज सकाळी तेबाल्दो ज्योतिषी शिडीवर चढत आणि चंद्र ज्या राशीत असेल त्या अवयवाला लाल फीत बांधत. त्या अवयवाला कुणी शस्त्र लावायचं नाही; लावलंच, तर गळवं फोडण्याचं, शिरा उघडण्याचं काम करणाऱ्या न्हाव्याचा हात तोडायचा. हा कायदा तेबाल्दोंनीच सरदारांच्या गळी उतरवला होता आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

आज फीत दंडांवर होती, आणि घरी त्यांची लेक फिओर्दालिसा दंडावरच्या गळवाने तळमळत होती.

"गुरुजी, आत्ता फोडलं नाही तर विष काखेत चढेल," नूतो न्हावी म्हणाला.

"चंद्र मिथुनेत आहे रे. परवा कर्केत जाईल. तोवर पोटीस बांध."

"मग परवा मला नको, पाद्र्याला बोलवा."

"बरं, फोड आत्ताच. मी कुठे बोलणार नाही."

"पोर किंचाळली की अख्खी गल्ली बोलेल. हात माझा जाणार, तुमचं काय! आधी फीत हलवा."

"बाबा, काहीतरी करा हो," पोर कण्हली.

तेबाल्दो काही भोंदू नव्हते, हीच तर पंचाईत होती. अशा चंद्राखाली दंड कापला की माणूस दगावतो, यावर त्यांचा खराखुरा विश्वास होता. कापलं तरी मरण, न कापलं तरी मरण. इकडे आड, तिकडे विहीर! शेवटी ज्योतिषी हरला आणि बाप भर दुपारी शिडी चढला. फीत दंडांवरून सोडून त्यांनी छातीवर बांधली.

"सकाळी गणित चुकलं," ते खाली उतरून म्हणाले.

"वय झालं गुरुजींचं," भाजीवाली खिदळली.

नूतोने गळू फोडलं. वाटीभर पू निघाला. संध्याकाळी पोरीने सूप मागितलं, तेव्हा तेबाल्दोंना रडू आवरेना. तरी धास्ती होतीच. वाईट चंद्र सावकाश गाठतो, असं ते स्वतःच शिकवत आले होते.

तेवढ्यात दारात वाड्यावरचा शिपाई आला. "फीत हलली म्हणे! सरकारांना दंडाची शीर उघडून साचलेलं रक्त काढून घ्यायचंय. तुम्ही आणि नूतो, दोघंही चला."

सरदार गलास्सो बाही वर सारूनच बसले होते. "ये तेबाल्दो! तुझ्या चंद्राने फार ताटकळत ठेवलं बुवा. परात तूच धर, तुझ्या हाताला गुण आहे."

खरं सांगावं, तर नूतोचा हात जाणार आणि आपलं डोकंही.

"गुरुजी, कापू ना?" नूतोने नस्तर धरून विचारलं.

"काप."

परातीत रक्ताची धार पडू लागली. "वा! हात हलका झाला," सरदार खूश होऊन म्हणाले.

सरदार मेले, तर आपण खुनी. आणि जगले, तर चंद्राचं सगळं खोटंच? उभ्या हयातीत 'चंद्र सरू दे, मग ये' म्हणून किती जणांना दारातून परत पाठवलं होतं. त्यातले कितीतरी पुन्हा आलेच नव्हते. परात भरत चालली होती, आणि देवाकडे काय मागावं, तेच तेबाल्दोंना कळेना.