आर्लनच्या नाकाची परीक्षा

टाकीचं झाकण उघडून आर्लनने डोकं आत घातलं, छाती भरून श्वास घेतला, आणि वास म्हणून काही आलाच नाही. ना गोड, ना आंबट, ना गाईचा. नाकाला कुणी बूच मारल्यासारखं झालं होतं. तरी त्याने सवयीने मान डोलवली.

"काय म्हणतंय माझं दूध?" वेंडेलने दारातून विचारलं. वेंडेल म्हणजे साठ गाईंचा मालक आणि आर्लनचा शाळेपासूनचा दोस्त.

"तुझ्यापेक्षा गोड बोलतंय," आर्लन म्हणाला आणि घाईघाईने टँकरची नळी जोडली.

नशीब त्या दिवशी दूध चांगलं निघालं. पण असं नशिबावर किती दिवस चालणार? विस्कॉन्सिनच्या या भागात चौतीस वर्षं तो गोठ्यागोठ्यातून दूध उचलून डेअरीत पोचवत होता. टँकर काय, कुणीही हाकेल. पण दूध घ्यायचं की नाकारायचं हे नुसत्या वासावर ठरवायचं लायसन्स त्याच्याकडे होतं, आणि 'आर्लनचं नाक' ही पंचक्रोशीत शपथ घ्यावी अशी चीज होती. जानेवारीत त्या नाकानेच घात केला. एका गोठ्यातल्या गाईंनी बिघडलेला मुरघास, म्हणजे प्लास्टिकखाली आंबवून ठेवलेला हिरवा चारा, खाल्ला होता. तो दर्प त्याला आला नाही, आणि अख्खा टँकर डेअरीच्या दारातून परत फिरला.

"आर्लन, पुन्हा असं झालं ना, तर तुला वाळूच्या ट्रकवर बसवावं लागेल," डेअरीचा फोरमन म्हणाला होता. तो तसा भला माणूस, म्हणूनच ते जास्त लागलं. वाळूला कुणी हुंगत नाही.

आता या दुखण्याची गंमत अशी, की बाकी सगळं झकास चाललं होतं. वर्षापूर्वी साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी ब्रेड, बटाटा, बिअर सगळं बंद केलं. आर्लन पस्तीस पौंडांनी उतरला. साखर शहाण्यासारखी वागायला लागली. नवी भोकं पाडून पाडून कमरेचा पट्टा संपत आला. फक्त नाक चोंदलं, आणि सकाळी बोटं अशी सुजलेली की शर्टाची बटणं बायकोने लावायची.

"काहीतरी सोसत नाहीये तुम्हाला," दवाखान्यातली नर्स रोझान म्हणाली. "आपण शोधून काढू. संशयित आहेत तेवढे सगळे ताटाबाहेर काढा. तीन आठवड्यांनी एकेकाला आत घ्यायचं, तीन-तीन दिवस. तेवढ्यात दुसरं काही बदलायचं नाही. नाक, बोटं, पोट, रोजचं रोज लिहायचं. आणि या निमित्ताने ब्रेडला आत घ्याल तर माझ्याशी गाठ आहे."

आर्लनने कागद आखला आणि फ्रिजवर गाईच्या आकाराच्या चुंबकाखाली लावला. अंडी बंद, बदाम बंद, टोमॅटो बंद, बिनसाखरेची टॉफी बंद. तीन आठवडे गेले. नाक होतं तसंच. मग एकेक आरोपी परत बोलावला. अंडी निर्दोष. बदाम निर्दोष. टोमॅटोबद्दल त्याला फार आशा होती, कारण टोमॅटो त्याला कधीच आवडला नव्हता. तोही निर्दोष सुटला. टॉफीने मात्र पोटात असा ट्रॅक्टर चालू केला की चर्चमध्ये पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. पण नाकाशी तिचाही संबंध नव्हता.

"सगळं काढलं होतं ना?" कागद बघून रोझानने विचारलं.

"सगळं."

शेजारी मार्लिस, त्याची बायको, बसली होती. तीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात मुलांना वाढलेली बाई ती. मूल खोटं कधी बोलतं हे तिला चमच्याच्या आवाजावरून कळायचं.

"आणि चीज?" ती म्हणाली.

"चीजचं काय?"

"सकाळी कॉफीत साय. दुपारी चीज. रात्री मांसाच्या खाली चीज, वर चीज. ब्रेड गेल्यापासून तू चीजला चीज लावून खातोस!"

आर्लनचा चेहरा खरोखरच कोरा होता. तो खोटं बोलत नव्हता. दूध हे खाणं आहे, असं त्याच्या मनात आयुष्यात कधी आलंच नव्हतं. त्याचा बाप दूधवाला, आजा चीज करणारा. दूध म्हणजे काम, दूध म्हणजे घर. त्याच्यावर कोण कशाला संशय घेईल?

"म्हणजे इतके दिवस तू चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतास," मार्लिस म्हणाली. रोझान हसू दाबायला खिडकीबाहेर बघू लागली.

दुधाशिवायचे पहिले दिवस आर्लनने सुतकासारखे काढले. काळी कॉफी तो डोळे मिटून प्यायचा. वेंडेलच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, "हळू बोल, गाई ऐकतील."

अकराव्या दिवशी पहाटे आर्लन टँकरमध्ये चढला आणि त्याला कसलीतरी भयंकर दुर्गंधी आली. मेलेला उंदीर असणार म्हणून त्याने सीटखाली हात घालून शोधलं. शेवटी कळलं, ती त्याची स्वतःची टोपी होती. तो तसाच उड्या मारत घरात आला आणि मार्लिसच्या मानेत नाक खुपसून उभा राहिला. तोच तिचा लव्हेंडरचा साबण. हा वास गेलाय हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"टोपी काढ आधी," मार्लिस म्हणाली, पण हलली नाही.

नियमाप्रमाणे आता दूधही परत बोलावायला हवं होतं. शुक्रवारी डेअरीच्या दुकानात चीजचे ताजे खडे निघतात. कोमट, खारट, आणि इतके ताजे की दाताखाली चुईचुई वाजतात. आर्लनने 'शास्त्रासाठी' म्हणून अख्खी पिशवी संपवली. तीन दिवस तो राजासारखा जगला. सोमवारी नाकाला बूच, आणि बटणं लावायला मार्लिस.

"एकदा झालं, तो योगायोगही असेल," तो म्हणाला.

मार्लिसने कागदाला नवी ओळ जोडली. दोन आठवडे दूध बंद, नाक मोकळं. पुन्हा तीन दिवस चीज, पुन्हा बूच. तिसरी परीक्षा त्याने मागितली नाही. पण दूध कायमचं बंद, असंही तो तोंडाने बोलेना. फ्रिजसमोर नुसता उभा राहायचा. त्याला खरंच वाईट वाटत होतं, नातलग तुटल्यासारखं.

मे महिन्यात एका सकाळी त्याने वेंडेलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि वाकायच्या आधीच थांबला.

"हे नाही नेता येणार."

"काय?" वेंडेल हसला. "थट्टा पुरे."

"मुरघास. बिघडलेला. दूध काढायच्या आधी खाल्लाय गाईंनी."

वेंडेलने झाकणातून डोकं आत घातलं. "मला तर काही येत नाही."

"तू त्यातच राहतोस."

"दोन दिवसांचं दूध आहे, आर्लन. मी तुझ्या लग्नात तुझ्या शेजारी उभा होतो."

"म्हणूनच नेत नाही. हे टँकरमध्ये घातलं, तर बाकी पाच गोठ्यांचंही जाईल. आणि नाव तुझं खराब होईल."

दोघं मुरघासाच्या ढिगाकडे गेले. मागच्या बाजूला प्लास्टिक हातभर फाटलं होतं आणि आत सगळं काळं पडलं होतं. वेंडेलने मूठभर काळा चारा उचलला आणि फेकून दिला. मग परत आला आणि स्वतःच्या हाताने टाकीचा खालचा नळ सोडला. पांढरी धार मोरीत गेली.

"एवढं नाक आजवर कुठे ठेवलं होतंस?" शेवटी वेंडेल म्हणाला.

"चीजखाली."

वेंडेल आधी बारीक हसला, मग पोट धरून हसला. जाताना त्याने टँकरच्या दारावर थाप मारली.

त्या शुक्रवारी आर्लनने दुकानातून एकच छोटी पिशवी घेतली. गाडीत मार्लिसच्या शेजारी बसून ती उघडली, हुंगली. खारट, कोमट, आणि मागे अगदी पुसट कोवळ्या गवताचा वास. "गाई कुरणात सोडल्यात," तो म्हणाला आणि पिशवी मार्लिसच्या मांडीवर ठेवली.

तिने एक खडा तोंडात टाकला.

"वाजतोय का?" त्याने विचारलं.

 मार्लिस सरकून जवळ आली, आपला गाल त्याच्या कानाला लावला, आणि तोंडातला खडा सावकाश चावू लागली.