टिटवीने निवडलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे आणि आधीच सांगून टाकते, मी पक्की जळकुकडी आहे.

समुद्राला लागून असलेल्या या पाणथळीत पावसाळ्यात पाणी भरतं आणि उन्हाळ्यात चिखलाला भेगा पडतात. त्यामुळे अर्धं वर्ष मी राबते, अर्धं वर्ष नुसती पडून असते. इथल्या रखवालदाराच्या वडिलांनी मला घडवलं. पाखरं मोजायला, चोरून जाळी लावणाऱ्यांना हुसकायला मीच पुढे असायचे. तेव्हा माझं फार कौतुक होतं.

मग नवी होडी आली. पिवळीधमक, इंजिनवाली. रखवालदार तिला रोज फडक्याने पुसायचा. मला कधी कुणी पुसलं होतं का? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"ही जुनी आता फोडून चुलीत घालतो," एका उन्हाळ्यात तो बहिणीला म्हणाला. मी हादरलेच.

दोनच दिवसांत एका टिटवीने माझ्या पुढच्या फळीवर अंडी घातली. ही जागा संरक्षित. इथलं घरटं कुणी हलवायचं नाही.

"घाल आता चुलीत," त्याची ताई हसत म्हणाली.

रखवालदार डोकं खाजवत राहिला. मी वाऱ्याने हलू नये म्हणून त्याने माझं नाक खुंटाशी आखूड दोराने करकचून बांधलं. पायाखाली सुका चिखल होता, पाण्याची आठवण कुणाला राहणार?

पाऊस लागला. पाणी चढलं तशी मी तरंगू लागले, पण दोर मला खाली ओढत होता. अंड्यांची फळी पाण्याला टेकायला आली. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यासाठी घाबरले.

"अरे, दोर सैल ठेवला होतास ना?" ताईने काठावरून विचारलं.

रखवालदाराचा चेहरा पडला. तो धावला आणि त्या पिवळीतूनच माझ्यापर्यंत आला. तिच्या काठावरून वाकून त्याने दोर कापला. अंडी वाचली, मीही वाचले, आणि तेही तिच्यामुळे! हे मला अजून पचलेलं नाही.

पिल्लं झाली. लोकांनी फोटो काढले, सगळे टिटवीचे. माझी तेवढी फळी दिसते.

पण मला फोडायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आता उन्हाळा लागला की रखवालदार माझी फळी झाडून ठेवतो आणि दोर लांब सोडतो. मित्रांनो, जुन्या वस्तूला मोडीत काढण्याआधी तिच्यावर कुणी संसार मांडलाय का, एवढं बघत जा.

यंदाही टिटवी आली. पिवळीवरून दोन चकरा मारून माझ्याच फळीवर बसली. मी हळूच पिवळीकडे पाहिलं. तिला थोडं तरी जळू दे, एवढीच माझी इच्छा आहे.