पंपघरामागचा पाला

मुकादमबाईंच्या उद्यानात गळून पडलेल्या पानाला दुसरा दिवस दिसत नसे. शहराच्या मधोमध उभं असलेलं ते जुनं जंगल त्यांनी तीस वर्षं दिवसातून दोनदा झाडू मारून घेऊन घरातल्या फरशीसारखं ठेवलं होतं. नावाला डाग एकच, पंपघरामागचा कोपरा. तो होता त्यांच्या धाकट्या दिराकडे. त्याला सगळे आरामराव म्हणत. नोकरीला बाईंनीच चिकटवलेला, म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा! कोपऱ्यात गुडघाभर पाला, आणि विचारलं की हा म्हणणार, उद्या झाडतो. बारा वर्षं बाईंनी त्याला चारचौघांत फैलावर घेतलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग वादळ आलं आणि एका दुपारी एकसष्ट झाडं आडवी झाली. त्यात उद्यान खात्याच्या साहेबांचं फर्मान, की महिनाअखेरपर्यंत मोकळ्या जागेत झाडं लागली तर ठीक, नाहीतर जमीन सपाट करून गाड्या उभ्या करायला देऊ. वा रे न्याय! रोपं आणायची कुठून? रोपवाटिकेचं छप्परच उडालेलं. बाईंनी नाही नाही त्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा मिळाली ती कुंडीतली शोभेची झुडपं. तीस वर्षं जपलेलं जंगल आपल्या डोळ्यांदेखत जाणार, हे त्यांना दिसत होतं.

आठ दिवस उरले असताना पंपघरामागचा एक ओंडका ओढायला त्या स्वतः गेल्या. फांद्या बाजूला केल्या आणि बघतच राहिल्या. पाल्यातून रोपं वर आली होती, वीतभर ते कमरेएवढी, दोनशेच्या वर, आणि सगळी पडलेल्या झाडांचीच. बाकीच्या जंगलात औषधालाही रोप नव्हतं. असणार कसं? बी पडलं की पानांबरोबर कचऱ्याच्या गाडीत जायचं. जंगलाला पोरंबाळं होऊ दिली नव्हती ती बाईंनीच.

आठ दिवस सगळ्यांनी मुळांभोवतीच्या मातीसकट रोपं उचलली, गोणपाटात बांधून नेली आणि लावली. आरामराव सकाळपासून अंधार पडेपर्यंत खड्ड्यात. ओणवं राहून कंबर धरली तरी माणूस बसेना.

शेवटच्या दिवशी साहेब आले, रांगा पाहून खूश झाले, जागा जंगलालाच राहील म्हणाले आणि बाईंच्या दूरदृष्टीचं कौतुक करू लागले. बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. दूरदृष्टी कसली, मी तर सगळं झाडून टाकलं असतं, हे भावजींच्या आळसामुळे वाचलं, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"आळस पहिल्या वर्षीच होता, वहिनी," आरामराव खाली बघत म्हणाला. "मग पाल्यात कोंब दिसले. झाडू घालवेना."

"मग बोलला का नाहीत? बारा वर्षं माझी बोलणी खाल्लीत."

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी तो कोपरा साफ करून घेतला असता."

ते अगदी खरं होतं. मानाने त्या मोठ्या, तरी साहेबांसमोर, सगळ्या माळ्यांसमोर त्यांनी दिरापुढे हात जोडले.

"भावजी, माझं ऐकलं नाहीत, फार उपकार झाले," त्या म्हणाल्या.